गुरुवारच्या पाच खुर्च्या

गुरुवार, १६ जानेवारी १९८६

सगळ्यात आधी आली ती व्हेल्मा. गालात कापूस कोंबलेला, डोक्यावर नवऱ्याची टोपी, आणि आल्या आल्या विचारते काय, तर "गुळण्या करायला कुठं जागा आहे?" बारमध्ये! एयनोनं, म्हणजे बारच्या मालकानं, तिला ग्लास धुवायची मोरी दाखवली. मागून तिचा नवरा ड्युई आला, दारातून वाकूनच आला इतका उंच. बिग होल खोऱ्यात गुरं पाळतात दोघं. तिथून इथं ब्यूटला यायचं म्हणजे दोन तास, तेही रस्ता उघडा असला तर. व्हेल्माचे वरचे सगळे दात बसवायचेत. डॉक्टरानं सांगितलंय, एक गुरुवार आड या, मार्चच्या मध्याला संपेल. आज दाढ उपटल्यावर लगेच गाडीत हिंदकळायला नको म्हणून टेकायला आले, तर ड्युईला आमचं टेबल दिसलं.

ही वही रूथीनं, माझ्या नातीनं, नाताळात दिली. कुलूपवाली आहे. म्हणाली, आजी, तू फोनवर मला जे जे सांगतेस ते यात लिहीत जा. पोरीला किती माया! चौथीपर्यंतच शिकले मी, पण अक्षर बरं आहे.

तर टेबल. नऊ खुर्च्यांचं, हिरव्या कापडाचं. एके काळी दहाव्या माणसाला भिंतीला टेकून कुणी उठायची वाट बघावी लागायची. मग खाण बंद झाली. कुणी सिॲटलला गेलं, कुणी वर गेलं. माझा नवरा मातो वर जाऊन नऊ वर्षं झाली. आता दर गुरुवारी दुपारी उरतो आम्ही तिघं: मी, माझी मैत्रीण नोरा, आणि एका कानानं बहिरा आल्दो. एयनो पानं वाटतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे पाच पानं सगळ्यांची, एवढा साधा पोकर.

आज पाच खुर्च्या भरल्या, मला इतका आनंद झाला! पण ही दोघं खेळतात म्हणजे काय सांगू. हातात काही असो नसो, चाल वाढवत सुटतात. मला मातोनं शिकवलंय, झोरका, दहात नऊ वेळा पानं टाकायची आणि गप्प बसायचं. मी टाकत राहिले. शेवटी एकदाचे दोन राजे आले. मी चकत्या पुढं केल्या आणि सहज म्हटलं, "व्हेल्मा, तुला माहीत नसेल, आमच्या गल्लीत एक बकरी होती, तिनं बिशपसाहेबांचे हातमोजे खाल्ले होते." तर आल्दोनं पानं टाकली, नोरानं टाकली. व्हेल्मानं नोराकडं पाहिलं आणि तिनंही टाकली. गोष्ट हातमोज्यांपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. हल्ली कुणाला ऐकायची सवयच राहिलेली नाही.

ते गेल्यावर एयनो म्हणाला, "झोरका, एक एप्रिलला मशिनवाला येतोय. हे टेबल काढून तिथं पत्त्यांची मशिनं लावणार."

"मशिनं? म्हणजे एकट्यानं काचेशी पत्ते खेळायचे?"

"तिघांसाठी मी अर्धी खोली अडवून ठेवू का?"

"आज पाच होतो."

"ते दातांसाठी आलेत, तुझ्यासाठी नाही. हे बघ, दात झाल्यावरही ते येणार असतील, त्यांच्या तोंडून मी तारीख ऐकली, तर टेबल राहील. मशिनं संडासाकडच्या भिंतीला लावीन."

बोलून चालून फिनलंडचा माणूस. वर्षातून एकदा इतकं बोलतो, म्हणजे खरंच असणार.

शनिवार, १८ जानेवारी

रविवारी चर्च, मंगळवारी गुडघ्याचा डॉक्टर, गुरुवारी टेबल. गुरुवार काढला तर माझ्याकडं चर्च आणि गुडघा एवढंच उरतं. टेबल जाऊ द्यायचं नाही, ठरलं.

गुरुवार, ३० जानेवारी

पाहुणे आले. मी अक्रोडाची पोवितित्सा, म्हणजे आमच्याकडचा गोड पाव, करून नेली होती. व्हेल्मानं कॉफीत बुडवून चोखली, बिचारी.

पण खेळ काही रंगला नाही. आम्ही तिघं पानं टाकतोय आणि ते दोघं आमच्या सक्तीच्या चकत्या उचलतायत. पानं बघायच्या आधी दोघांनी पाळीपाळीनं ज्या टाकायच्या असतात ना, त्या. नऊ जण होतो तेव्हा ती पाळी फिरून यायला वेळ लागायचा, तोवर एखादी इकडची तिकडची गोष्टही व्हायची. आता टाकून बसते न बसते तोच पुन्हा येते. चांगल्या पानांची वाट बघता बघता माझा ढीग बसल्या जागी विरघळला.

ड्युई जांभई देत म्हणाला, "आमचा कुत्रा तुमच्यासारखाच खेळतो, बाई. काही येईपर्यंत झोपलेला असतो."

"तुमचा कुत्रा पोकर खेळतो?"

"हिवाळ्यात रस्ता बंद झाला की आम्ही दोघं आणि तो. लग्नाला तीस वर्षं झाली, तिसरा माणूस टेबलाशी बसलेला मी पहिल्यांदा इथंच बघितला."

"मग नऊ माणसं कधीच नाही?"

"नऊ माणसं तर लग्नालासुद्धा नव्हती."

एकदा मला दोन राण्या आल्या. मी मातोच्या बुटांची गोष्ट काढली, ती खाणीतल्या पाण्यात गोठलेल्या बुटांची. ड्युई व्हेल्माच्या कानाशी कुजबुजला, पण त्याचं कुजबुजणं म्हणजे बैल डुरकल्यासारखं. "म्हातारी बोलायला लागली की पळायचं. गप्प बसली की मारायचं." इतका उर्मटपणा! गोष्ट आवडत नसेल तर नका ऐकू. आल्दो तर मी तोंड उघडायच्या आतच पानं टाकतो, आणि याला म्हणे एकाच कानानं ऐकू येतं.

नोराला म्हटलं, "माझ्या गोष्टी इतक्या कंटाळवाण्या आहेत का गं?"

"अजिबात नाहीत. तू बोलत राहा, झोरका. तू बोललीस की मला फार बरं पडतं."

एक नोराच काय ती जिवाभावाची.

जाताना ड्युई एयनोला म्हणाला, "टेबल छान आहे तुमचं. जरा मेलेलं आहे." आता त्यांनी आपणहून परत यावं, तर इथं येऊन झोप लागता कामा नये. चूक पाहुण्यांची नाही, आमची आहे. आम्ही अजून नऊ माणसांचा खेळ खेळतोय आणि चार खुर्च्यांवर माणसंच नाहीत.

रविवार, २ फेब्रुवारी

चर्चहून आले आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर नऊ ताटं मांडली. आठ ताटांना पूर्वीच्या मंडळींची नावं दिली आणि नववं माझं. मातोचं निळ्या काठाचं. प्रत्येक ताटात दोन दोन पानं वाटली आणि उलटून बघितली. पहिल्याच डावात मातोला दोन एक्के! जिवंतपणी कधी आले नाहीत बिचाऱ्याला. मी त्याला म्हटलंसुद्धा, आता काय उपयोग?

माझं ताट सोडून बाकीच्या आठांत कुठं एक्का आहे का, एवढंच बघत गेले. दहा वेळा वाटलं तर आठ वेळा निघायचा. मग ताटं उचलली आणि पाचच ठेवली: मी आणि चौघं. पुन्हा वाटत बसले, चार वाजेपर्यंत. सूप उतू गेलं. चौघांत दहातून पाचच वेळा एक्का निघाला. उरलेल्या पाच वेळा चौघांच्याही हातात सत्ती-तिर्री, असलंच काहीतरी.

म्हणजे बघा, नऊ जणांत कुणीतरी सावकार असतोच, त्याच्यापुढं आपण गरिबांनी गप्प बसलेलं बरं. पण पाच जणांत अर्ध्या वेळा सगळेच भिकारी! भिकाऱ्यांत जो आधी खाकरला, तो सावकार. मातोचं चुकलं नव्हतं हो. मातोच्या वेळी ताटं जास्त होती.

एक्का आणि पंजी मी जन्मभर फेकली. आता ती ठेवायची. राजा आणि दश्शीसुद्धा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कपाळाला राख लावून आले. आजपासून ईस्टरपर्यंत उपवासाचे चाळीस दिवस. नोरा दरवर्षी या दिवसांत पत्ते सोडते. मला धडकीच भरली, पाचाचे चार झाले तर! पण फादरसमोरच म्हणाली, "यंदा व्हिस्की सोडते, फादर. पत्ते सोडले तर ईस्टरनंतर धरायला टेबलच उरणार नाही." फादर म्हणाले, व्हिस्की सोडणं जास्त पुण्याचं. नोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आपटले. सपशेल.

ठरवल्याप्रमाणे प्रत्येक डावात उतरले. एक्का-पंजी, राजा-दश्शी, गुलाम-सत्ती, काहीही. ड्युईनं चाल वाढवली की मी तेवढ्याच चकत्या टाकायचे आणि मधलं पान उघडायची वाट बघायचे. पुन्हा तो वाढवायचा, पुन्हा मी तेवढ्याच. तीन वाजता माझ्यापुढं हिरवं कापड तेवढं उरलं.

मोरीपाशी व्हेल्मा गुळण्या करत होती. तिचे अर्धे दात बसलेत, बोलताना शिट्टी वाजते. म्हणाली, "रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग बाई. रागवायला आता उरलंय काय?"

"तुम्ही उंबऱ्यावर उभ्या राहता. ना आत, ना बाहेर. एक तर आवाज करत आत या, म्हणजे पहिली वाढ तुमची, समोरचा घाबरून पळाला तर तिथंच जिंकलात. नाहीतर सरळ घरी बसा. नुसतं त्यानं टाकलं म्हणून मी टाकलं, यानं माणूस झिजतो."

"आणि पानं वाईट असली तर?"

"त्याला काय दिसतायत? आणि एयनो फिरवतो ते पांढरं बटण तुमच्यापुढं असतं तेव्हा सगळ्यांचं ऐकून तुम्ही शेवटी बोलता. तेव्हा तर जास्तच दांडगाई करायची. पाच जणांत ते बटण पटापट फिरून येतं. सक्तीच्या चकत्या काय फुकट भरायच्या?"

मी म्हटलं, "अगं, पण तू मला का शिकवतेस? तुझाच नवरा हरेल."

तिनं चूळ टाकली. "तीस हिवाळे मी एकाच तोंडाकडं बघून पत्ते खेळतेय, झोरका. त्याची भुवई हलली की मला कळतं हातात काय आहे. माझी हलली की त्याला कळतं. आम्ही खेळत नाही हो, आम्ही नुसतं एकमेकांना वाचतो." मग म्हणाली, "दात झाल्यावर तो म्हणतो, आता कशाला जायचं. तो कंटाळला नाही पाहिजे."

मी तिला म्हटलं, कंटाळणार नाही. अशी म्हणाले जणू काही माझ्या हातातच आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज आम्ही तिघंच. शिकवल्याप्रमाणे खेळले. यायचं तर वाढवत यायचं, नाहीतर टाकायचं. बटण माझ्यापुढं आलं की जवळजवळ सोडायचंच नाही. आणि एक गंमत लक्षात आली. पूर्वी पानं टाकून टाकून मी तासन् तास मुकी बसलेली असायचे. आता सारखी डावात, म्हणून जीभ सारखी मोकळी. बकरी झाली, बूट झाले, माझ्या धाकट्या लेकीच्या, यानाच्या, बारशात दिवे गेले ती गोष्ट झाली. नऊ आणि चौकी हातात धरून मी बिशपसाहेबांची सगळी गोष्ट सांगितली, आणि नोरानं गुलामाची जोडी टाकून दिली! जोडी उघडी करून दाखवत म्हणते, "घे बाई. तुझ्याकडं एक्केच असणार."

मी माझी नऊ-चौकी दाखवली. नोरा पांढरी पडली. उपवासाचा अशक्तपणा असेल.

आल्दो मात्र नाराज झाला. म्हणतो, "झोरका, वीस वर्षं मी तुझ्या बकरीवर विश्वास ठेवला. आजपासून ठेवणार नाही."

फार वाईट वाटलं मला. बकरीची गोष्ट शंभर टक्के खरी आहे. हातमोजे जांभळे होते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आले नाहीत. बर्फानं खिंड बंद. दातांच्या डॉक्टराकडं विचारलं तर तिथली नर्स म्हणाली, मिसेस व्हेल्मांचं आता एकदाच यायचं राहिलंय, तेरा मार्चला.

एकदाच.

एयनो टेप घेऊन टेबलाची जागा मोजत होता. मी टेपवर पाय ठेवून उभी राहिले.

"झोरका, पाय काढ."

"आज एक एप्रिल आहे का?"

"नाही."

"मग टेप काढ."

काढला.

सोमवार, १० मार्च

पाच ताटं. रोज सकाळी अर्धा तास, नाश्त्याच्या आधी. रूथी फोनवर म्हणाली, "आजी, एकटीच इतकी भांडी का वाजवतेस?" म्हटलं, परीक्षा आहे. तीही म्हणाली, माझीही आहे. दोघी एकमेकींना शुभेच्छा देऊन अभ्यासाला बसलो.

गुरुवार, १३ मार्च

आजचं आजच लिहिणार.

व्हेल्मा सगळे दात बसवून आली. तोंड मिटतच नव्हतं तिचं. बसल्या बसल्या ड्युई म्हणाला, "लवकर आटपू. वासरं व्हायला लागलीत, आता काही येणं व्हायचं नाही." हे ऐकून एयनोनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. म्हटलं, "वाट."

मी आले ती आवाज करतच आले. ड्युई वाढवायचा, त्यावर मी वाढवायचे. कधी पानं होती, कधी नव्हती, बोलणं मात्र चालूच. तो सुरुवातीला दर गोष्टीला पानं टाकायचा. मग एकदा चिडून पळाला नाही, तर नेमके माझ्याकडं दोन राजे होते. मग पुन्हा पळायला लागला, तर माझ्याकडं काहीच नसायचं. त्याचे कान लाल लाल झाले. जांभई म्हणून एक दिली नाही. व्हेल्मा नव्या दातांनी हसत होती. आल्दोनंसुद्धा एकदा थाप मारली, आणि स्वतःच इतका घाबरला की जिंकल्यावर चकत्या ओढायच्या विसरला.

आणि मग तो डाव. बटण माझ्यापुढं. हातात चौकटचा एक्का, किलवरची पंजी. नऊ खुर्च्या असत्या तर बघितलीसुद्धा नसती. मी वाढवलं. बाकीच्यांनी टाकली, ड्युईनं बरोबरी केली. मधे आली राणी, नव्वी, पंजी. माझी पंजीची जोडी जमली. त्यानं चाल केली नाही, मी थोड्या चकत्या टाकल्या, त्यानंही तेवढ्याच टाकल्या. चौथं पान दुर्री. दोघांनीही चाल केली नाही. पाचवं अठ्ठी. आणि त्यानं दोन्ही हातांनी अख्खा ढीग पुढं ढकलला.

मी तेव्हा यानाच्या बारशापर्यंत आले होते. दिवे जायच्या आधीच थांबले. डोळ्यांपुढं ताटं मांडली. नऊ जणांत कुणी असा ढीग ढकलला तर राणी नक्की असते, पंजीच्या जोडीनं निमूट घरी जावं. पण इथं उरलोय दोघंच. आणि हा माणूस तीस वर्षं दोघांतच खेळत आलाय, याला ढकलायला राणी कशाला लागते? राणी असती तर चौथ्या पानाला चाल न करता बसला असता का?  

मी माझ्या सगळ्या चकत्या पुढं केल्या.

त्यानं उलटली राजा आणि गुलाम. दश्शीची वाट बघत बसला होता, ती आलीच नव्हती. काही म्हणजे काही नाही!

"पंजी?" तो उभाच राहिला. "पंजीच्या जोडीवर तुम्ही... पण तुम्ही तर गप्प होता!"

"मग? गप्प बसायला बंदी आहे का?"

"नाही, पण तुम्ही गप्प असता तेव्हा..." आणि इतक्यात व्हेल्मानं त्याला टेबलाखालून अशी लाथ घातली की चकत्यांचे ढीग कोसळले. का ते कळलं नाही. हरल्यावर नवऱ्याला मारायची त्यांच्या खोऱ्यात पद्धत असेल.

मग निघायची वेळ झाली. व्हेल्मानं कोट घातला. एयनो एकच ग्लास पुसत उभा. मी विनवणी करणार नव्हते. टेबलासाठी खेळले मी, भीक मागायला नाही. चकत्या रचत बसले, रंगवार.

ड्युई दारापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "ती भिंतीकडची खुर्ची. माझ्यासाठी कुणी धरून ठेवेल का?"

"कशाला?" व्हेल्मा म्हणाली. "दात झाले ना माझे."

"दातांचं कोण बोलतंय? या बाईंनी मला पंजीच्या जोडीवर कापलंय."

"आणि वासरं?"

"वासरं तुझा भाऊ बघेल. एक गुरुवार आड तर यायचंय." मग माझ्याकडं बोट दाखवून, "बाई, या बारशाचं पुढं काय झालं तेही मला ऐकायचंय. नीट. माझी पानं हातात असताना."

माझ्या गोष्टीचं पुढं काय झालं, हे मातोनंसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

एयनोनं ग्लास ठेवला. "तारीख सांग," म्हणाला. "तोंडानं सांग."

ड्युईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "सत्तावीस मार्च. दुपारी एक."

नोरा म्हणाली, "अगं बाई, तो तर पवित्र..." मी तिच्या दंडाला चिमटा काढला. एयनो तोवर मशिनवाल्याला फोन लावायला आतसुद्धा गेला होता.

ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार, मला काय माहीत नाही? पण चर्चमधली प्रार्थना संध्याकाळी सातला आहे. दुपार मोकळी आहे.

गुरुवार, सत्तावीस मार्च, दुपारी एक वाजता.